दातांची सर्जरी: भूल सांभाळणाऱ्याने काय बघायचं

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून कोल्हापुरात क्लिनिकला लागलात की दातांची केस लवकरच येते. बहुतेक वेळा हिरड्या सुजलेलं म्हातारं पामेरियन. पोटाच्या ऑपरेशनला डोकं तुमच्या ताब्यात असतं, इथे ते सर्जनच्या. भूल किती खोल आहे ते कळायला जबडा सैल आहे का बघता येत नाही, जिभेवरचा पल्स ऑक्सिमीटरचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) चिमटा सारखा निसटतो. तो आधीच मागच्या पायाच्या बोटाला लावा आणि स्वतःचं बोट मांडीच्या आतल्या नाडीवर ठेवा. मशीनपेक्षा बोट आधी सांगतं.

श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबचा कफ, म्हणजे तिच्या टोकाचा फुगा, थोडाथोडा फुगवा. भुलीच्या मशीनची पिशवी 20 सेंमी पाण्याच्या दाबाला दाबल्यावर घशातून हवेचा आवाज थांबला की पुरे. मांजराच्या कफात जास्त हवा भरली की श्वासनलिका फाटते. कूस बदलतानाही तेच होतं, म्हणून आधी सर्किट (मशीनच्या नळ्या) ट्यूबपासून काढा, मग जनावर वळवा. मांजराच्या तोंडात स्प्रिंगचा गॅग (तोंड उघडं ठेवणारा चिमटा) नको. तोंड ताणून राहिलं की मेंदूकडचा रक्तपुरवठा दबतो आणि आंधळेपण येऊ शकतं.

कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) 35 ते 45 मिमी पारा हवेत. आकडा एकदम शून्यावर आला तर एक हात नाडीवर, दुसरा ट्यूबच्या जोडावर. दात उपटताना ठोके वाढले की नवखे लगेच आयसोफ्लुरेन (भुलीचा वायू) वाढवतात आणि मग रक्तदाब कोसळतो. आधी विचारा, ब्लॉक (दाताची नस बधिर करणारं इंजेक्शन) लागलाय का? त्यातलं बधिर करणारं औषध बुपिव्हाकेन मांजराला सगळे ब्लॉक मिळून किलोमागे 1 मिग्रॅ, म्हणजे 0.5 टक्क्याचं औषध 4 किलोच्या मांजराला जेमतेम 0.8 मिली. टोचण्याआधी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघा, शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. सरासरी रक्तदाब 60 च्या खाली गेला तर पहिल्यांदा आयसोफ्लुरेन कमी करा, सलाईनचा विचार नंतर.

स्केलरच्या (दात साफ करायच्या यंत्राच्या) पाण्याने डोकं-मान भिजते. जुलैतल्या ओल्या हवेत अंगावर चरबी नसलेला कारवानी कुत्रा तर पटकन गारठतो. अंग 36 अंशांखाली गेलं की ठोके मंदावतात, तेव्हा ॲट्रोपिनला (ठोके वाढवणारं औषध) दाद मिळेलच असं नाही. टॉवेल बदलत राहा. गरम पाण्याची बाटली उघड्या अंगाला लावू नका, भाजतं.

शेवटी घशातला गॉज मोजून काढा, डोकं थोडं खाली ठेवा. कुत्र्याने गिळलं की ट्यूब काढा, मांजर कान हलवू लागलं की लगेच. ब्रिटनमधल्या 2008 च्या मोठ्या पाहणीत भुलीतले सुमारे निम्मे मृत्यू ऑपरेशननंतरचे होते, मांजरांत निम्म्याहून जास्त, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांतले. तेवढा वेळ पिंजऱ्यापाशी कोणीतरी बसलेलं हवं.