पावसाळी ट्रेक: फोन-कॅमेऱ्याच्या बाबतीत या चुका टाळा

राजमाचीच्या वाटेवर पाऊस आडवा झोडपतो. तिथे बहुतेकांचा भरवसा सॅकच्या रेनकव्हरवर असतो, आणि भिजलेले सर्वाधिक फोन मी याच भरवशापायी पाहिलेत. कव्हर पाठीकडून उघडंच असतं. पाणी मानेवरून, पट्ट्यांवरून ओघळतं, सॅकमध्ये झिरपतं आणि तळाशी साचतं. पॉवर बँक नेमकी तिथेच ठेवलेली असते!

म्हणून सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा, तोंडाला पीळ द्या. फोन, कॅमेरा सगळ्यात वर, वेगळ्या ड्राय बॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत. तिच्यातली हवा काढून तोंड किमान तीनदा गुंडाळा, मगच बकल लावा. एकच घडी घातली तर पाणी शिरतंच. रेनकोटच्या आतला खिसाही फोनसाठी नको, तिथे घामाने सगळं ओलं होतं.

‘माझा फोन आयपी ६८ आहे’ असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा. आयपी ६७ म्हणजे फोन १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटं टिकतो. ६८ मध्ये याहून किती खोल, ते कंपनी सांगते. पण ही चाचणी नव्या फोनची आणि स्थिर पाण्यातली. धबधब्याचा मारा किंवा तारकर्लीचं खारं पाणी तिच्यात येत नाही. शिवाय फोन पडला, स्क्रीन बदलली की सील पूर्वीसारखं राहीलच असं नाही.

तरीही भिजलाच तर? गाडीत बसल्याबसल्या चार्जर लावू नका. ओल्या पोर्टात वीज खेळली की पिना गंजतात. पोर्ट खाली धरून फोन तळहातावर हलकेच आपटा, मग पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. पूर्ण वाळायला कधी अख्खा दिवसही लागतो. तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको, बारीक कण पोर्टात अडकतात. ॲपलनेही हेच बजावलंय. हेअर ड्रायरही नको.

पोर्टात लाल माती गेली असेल तर सुईने उकरू नका. वाळू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशने झाडा.

कॅमेऱ्याचा घात मात्र घरी होतो. दमून आल्यावर ओली बॅग कोपऱ्यात पडून राहते आणि लेन्समध्ये बुरशी धरते. ती काचेवरचा लेपही खाते. त्याच रात्री बॅटरी आणि कार्ड काढा, सगळं पुसून वाळवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.