जुन्या विलीज जीपच्या झिजलेल्या स्टिअरिंग बॉक्सची जुळवणी

महिंद्राने विलीजच्या परवान्याखाली बांधलेल्या सीजे-३बी जीपचे स्टिअरिंग दोन-तीन इंच हलवूनही पुढची चाके जागची हलत नसतील, तर बहुतेक ठिकाणी बॉक्सच्या बाजूचा स्क्रू पान्याने आवळून दिला जातो. हा उपाय घातक ठरू शकतो, कारण तो स्क्रू सगळ्यात शेवटी आणि तोही एकाच विशिष्ट स्थितीत आवळायचा असतो.

या जीपमध्ये रॉस पद्धतीचा कॅम आणि लिव्हरचा बॉक्स असतो. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला मळसूत्री खाचेचा कॅम असून, त्या खाचेत लिव्हरवरच्या दोन पिना फिरतात आणि लिव्हरच्या शाफ्टला बाहेरून ड्रॉप आर्म, म्हणजे चाकांकडे जाणारा रॉड ढकलणारा हात, जोडलेला असतो. गाडी बहुतांश वेळ सरळ चालत असल्याने झीज मधल्या भागात होते, म्हणून बनवणाऱ्यांनी खाच मध्यभागी मुद्दाम जराशी घट्ट ठेवलेली आहे. स्टिअरिंग एका बाजूला वळलेले असताना प्ले (सैलपणा) काढला, तर मध्यावर येताच ते अडकते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ न येणे हे त्याचे एक लक्षण आहे.

बॉक्सला हात लावण्यापूर्वी बाकीचे सांधे पाहावेत. एकाने स्टिअरिंग हळूहळू हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून ड्रॉप आर्मपासून टाय रॉडच्या (चाकांना वळवणाऱ्या दांड्यांच्या) टोकांपर्यंत एकेक सांधा बोटांनी चाचपावा. मधला बेलक्रँक (ड्रॉप आर्मकडून येणारी हालचाल टाय रॉडना देणारा फिरता हात), किंग पिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती खीळ) आणि चाकाचे बेअरिंग तर तपासावेच. माझ्या मते अर्ध्याहून अधिक दोष तिथेच सापडतो, आणि बेलक्रँकचा बुश गेलेला असताना बॉक्स कितीही जुळवला तरी उपयोग होत नाही.

दोष बॉक्समध्येच आहे अशी खात्री झाल्यावर पुढची चाके जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, ड्रॉप आर्मला जोडलेला रॉड सोडवावा. बॉक्सचा स्वतःचा अडसर हाताला कळण्यासाठी हे अत्यावश्यक आहे. दांडा धरून ठेवणारी डॅशबोर्डखालची पट्टीही सैल करावी, कारण दांडा वाकडा ताणलेला असेल तर तोच अडसर बॉक्सचा वाटतो. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेवटी न आदळता, वेढे मोजत फिरवावे आणि निम्मे वेढे परत आणून मध्य ठरवावा. स्टिअरिंगच्या आऱ्यांवरून मध्य ओळखू नये, कारण जुन्या गाडीत ते कधीतरी काढून वाकडे बसवलेले असण्याची शक्यता असते.

पहिली जुळवणी दांड्याच्या बेअरिंगची. बाजूचा स्क्रू लॉक नटसह आधी सैल करून स्टिअरिंग वर-खाली ओढून पाहावे. दांडा हलत असेल तर बॉक्सचे वरचे झाकण थोडे उचलून खालच्या शिमांपैकी (पातळ पत्र्याच्या चकत्यांपैकी) एक पातळ शिम कापून काढावी. या शिमा ०.००२, ०.००३ आणि ०.०१० इंच जाडीच्या असतात. एका वेळी एकच शिम काढून झाकण आवळावे आणि दांडा मोकळा फिरतो, परंतु वर-खाली हलत नाही, अशी स्थिती आल्यावर थांबावे.

त्यानंतर स्टिअरिंग मध्यावर आणून बाजूचा स्क्रू थोडा थोडा आत घ्यावा. एका टोकाकडून दुसरीकडे सावकाश फिरवताना फक्त मध्यावरून जाताना अगदी किंचित जड लागले पाहिजे. स्क्रू तसाच धरून लॉक नट आवळावा आणि पुन्हा फिरवून पाहावे, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

मध्य घट्ट केल्यावर टोकांकडे प्ले उरला तर चिंता नाही. मात्र फिरवताना खडखड किंवा अडखळ जाणवली, तर पिना चपट्या झालेल्या किंवा खाचेत खड्डे पडलेले असतात आणि तेव्हा ते भाग बदलावेच लागतात. ड्रॉप आर्म हाताने वर-खाली हलत असेल, तर शाफ्टचे बुश आणि ऑइल सील गेलेले आहेत. गळती थांबावी म्हणून बॉक्समध्ये ग्रीस भरण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. घट्ट ग्रीस खाचेतून बाजूला सरकते आणि परत येत नाही, तेव्हा गिअर ऑइलच वापरावे.

रॉड जोडताना बॉक्स मध्यावर आणि चाके सरळ असावीत. फरक राहिल्यास तो टाय रॉडची लांबी बदलून काढावा आणि नंतर टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरच्या बाजूला किती आत झुकलेली आहेत ते, मोजावे. सगळ्या स्प्लिट पिना नव्या घालाव्यात. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन करावी, आणि प्रत्येक वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर बाजूचा स्क्रू किंचित सैल करून मगच गाडी रस्त्यावर काढावी.