स्टिरिओ फोटोंवर काम करणार असाल तर आधी डावं-उजवं बघा

स्टिरिओ फोटो म्हणजे डाव्या-उजव्या डोळ्यांसाठी किंचित वेगळ्या जागांवरून घेतलेली फोटोंची जोडी; भिंगांच्या दर्शकातून बघितली की दोन्ही मिळून खोली असलेलं एकच चित्र दिसतं. मराठवाड्याचे असे जुने फोटो शोधताना 'मराठवाडा' टाइप करत बसू नका. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. परदेशी संग्रहांच्या याद्यांत वेरूळ-अजिंठा 'हैदराबाद' किंवा 'निझाम्स डोमिनियन्स'खाली निघतात, खुलताबाद तर 'रोझा' म्हणून.

सुरुवात मेजर रॉबर्ट गिलपासून करा. त्याच्या आणि पारोच्या प्रेमाची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ. पण अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आलेल्या या माणसानं पुढे कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये लंडनला त्याच्या शंभर स्टिरिओ फोटोंचं पुस्तक निघालं, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यातला मजकूर वास्तू-इतिहासकार जेम्स फर्ग्युसनचा.

आता खरी गोम. माझे बरेच दिवस हिनंच खाल्ले. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात दोन्ही दृश्यं एकाच काचेवर उमटतात, आणि त्या काचेवरून थेट छाप काढला की डाव्या डोळ्याचं दृश्य उजवीकडे येतं. म्हणून छाप मधोमध कापून, अदलाबदल करून पुठ्ठ्यावर चिकटवावे लागत. कुणी ते विसरलं, किंवा आज स्कॅन करताना सुट्या फोटोंची नावं उलटी पडली, की खोली उलटते. खांब मागे, भिंत पुढे. वाटतं तितकं हे सहज लक्षात येत नाही, कारण खांबानं भिंत झाकलेली डोळ्यांना दिसतच असते. मेंदू गोंधळतो, चित्र नुसतं 'विचित्र' वाटतं आणि आपण चष्म्याला दोष देतो. मूर्तींवर तर मुळीच विसंबू नका. चेहरा आत गेलेला असतो हे मेंदू मान्यच करत नाही, त्यामुळे उलट्या जोडीतही मूर्ती बरी दिसते. आणि तुम्ही मात्र त्यावरून कोरीवकाम किती खोल होतं, ते लिहून मोकळे!

कसं ओळखायचं? अंगठा समोर धरा आणि डोळे आळीपाळीनं मिटा. फक्त उजव्या डोळ्यानं पाहिलं की अंगठा भिंतीच्या मानानं डावीकडे सरकतो. उजव्या फोटोतला जवळचा खांबही तसाच डावीकडे सरकलेला हवा. प्रत्येक जोडीला हे करा, नामवंत संग्रहातली असली तरी.

'दोन्ही फोटो सारखेच आहेत, एकच स्कॅन कर' असं सांगणारे मार्गदर्शक भेटतील. हो सर म्हणा आणि दोन्ही करा, पुठ्ठ्याची पाठसुद्धा. मजकूर बऱ्याचदा तिथेच असतो. १८८० नंतरची बरीच कार्डं मुद्दाम बाक देऊन केलेली आहेत. ती स्कॅनरखाली दाबून सरळ करू नका, फोटोचा थर तडकतो. आणि जोडीतले दोन्ही फोटो आलटून पालटून दाखवणारे ते हलणारे जीआयएफ? व्हॉट्सॲपवर टाकायला ठीक. त्यावरून प्रबंध लिहायचा नसतो.

खर्चाची धास्ती नको. लायब्ररी ऑफ काँग्रेसची बरीच कार्डं फुकट उतरवता येतात. ७ बाय साडेतीन इंच या मूळ मापात छापून साध्या भिंगांच्या दर्शकातून बघा. सुरुवातीला दोन चित्रं एक होत नाहीत, डोळे दुखतात, वैताग येतो. बहुतेकांना सरावानं जमतं. एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर कदाचित जमणारही नाही, पण काम अडत नाही. खांबाच्या डावीकडे, मागच्या भिंतीवर एक ठळक खूण धरा आणि दोन्ही फोटोंत खांबापासून खुणेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. उजव्या फोटोत ते कमी भरलं तर जोडी बरोबर.