चिनूकचे सुटे भाग : ‘बसला म्हणजे चालला’ ही चूक टाळा

११ सप्टेंबर १९८२. जर्मनीतल्या मानहाइमला हवाई प्रदर्शन चालू असताना अमेरिकी लष्कराचं चिनूक हेलिकॉप्टर कोसळलं आणि ४६ जण गेले. कारण निघालं अक्रोडाच्या टरफलांचा चुरा. ट्रान्समिशनचे, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत नेणाऱ्या गिअरच्या यंत्रणेचे भाग घासून साफ करायला तो वापरायचे. त्याचे कण आत साचले, बेअरिंगला तेल पोचवणाऱ्या बारीक वाटा बुजल्या आणि पुढच्या ट्रान्समिशनचं बेअरिंग गेलं.

एका बेअरिंगने एवढं मोठं हेलिकॉप्टर का पडावं? १९६१ साली पहिल्यांदा उडालेल्या या यंत्राची मूळ रचना आजही तीच आहे. शेपटीला पंखा नाही. पुढे-मागे दोन मोठे रोटर, म्हणजे छतावरचे पंखे, उलटसुलट दिशांनी फिरणारे. दोघांचे घेर मधे एकमेकांत शिरतात. पाती एकमेकांना लागत नाहीत, कारण छतावरून गेलेला शाफ्ट आणि गिअरबॉक्स दोघांना एका तालात बांधून ठेवतात. हा ताल तुटला की पात्यावर पातं आपटतं आणि वैमानिकाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणूनच साफसफाई झाली की भाग वरून चकचकीत दिसतोय यावर समाधान मानू नका. तेलाची प्रत्येक वाट मोकळी आहे का, ते बघा.

दुसरी चूक नेहमीची : मापात बसतोय ना, मग लावा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इंजिनांना आगी लागल्याचे प्रकार घडले आणि अमेरिकी लष्कराने आपली सगळी चिनूक जमिनीवर उतरवली. इंधनगळतीचा माग काढताना संशय गेला ओ-रिंगवर. देखभालीच्या वेळी काही इंजिनांत बसवलेल्या या रिंगा ठरलेल्या प्रतीच्या नव्हत्या. बोटाच्या पेरावर मावणारी रबराची कडी! दोन कड्या हातात घेतल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. तो असतो रबराच्या जातीत. तो सांगतो पाकिटावरचा पार्ट नंबर, आणि तोही शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला तरच.

सुधारित भाग म्हणजे चांगलाच, हा समजही सोडा. ६ नोव्हेंबर १९८६ ला स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांवरच्या सम्बरोजवळ चिनूकचं नागरी रूप समुद्रात पडलं. ४७ पैकी दोघंच वाचले. पुढच्या ट्रान्समिशनमधलं बदल करून बसवलेलं बेव्हल रिंग गिअर (तिरक्या दात्यांचं कडीसारखं गिअर) तुटलं होतं. या घटनेचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या बदलामागे भाग सुधारण्याचाच हेतू होता. रचनेत बदल झाला की आधीच्या चाचण्यांचा भरवसा धरता येत नाही.

चिप डिटेक्टर म्हणजे तेलातले धातूचे कण चुंबकाने पकडणारं उपकरण. त्याचा इशारा-दिवा लागला की डिटेक्टर नुसता पुसून परत लावायचा मोह होतो. आधी चुंबकावर काय चिकटलंय ते पाहा. केसासारखी बारीक लव वेगळी आणि धातूचा कपचा वेगळा. नेमकं काय चालतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं; अंदाजाने ठरवू नका.

पुढच्या रोटरचं पातं मागे चालत नाही, कारण फिरण्याच्या दिशाच उलट आहेत. रबरी भाग न वापरताही जुने होतात, तेव्हा पाकिटावरची तारीख पाहा. आणि भागासोबत त्याचा कागद नसेल, तर तो कितीही नवा दिसो, लाल टॅग लावून वेगळ्या कपाटात ठेवा.