किडर काउंटीत हिवाळा काढायचाय? जॅकेट नंतर, आधी गाडी

अमेरिकेत नॉर्थ डकोटात खेड्याकडे नोकरी लागली की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, जॅकेट कुठलं घेऊ. अरे जॅकेट इथे येऊन घ्या, तिकडून आणलेलं जेमतेम ऑक्टोबर काढतं. आधी गाडीचं बघा, कारण इथे माणूस अडकतो तो रस्त्यात.

मी राहतो ते किडर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा), मुख्य गाव स्टील (भांड्यांचं नाही, गावाचं नावच आहे), राजधानी बिस्मार्कपासून पूर्वेला चाळीसेक मैल, आय-९४ हायवेवर. ६ जुलै १९३६ ला याच स्टीलमधे १२१ फॅरनहाइट नोंदलंय, म्हणजे ४९.४ सेल्सिअस, आणि त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला याच राज्यात पार्शलला उणे ६०, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस. दोन्ही राज्याचे रेकॉर्ड, अजून मोडलेले नाहीत. मी अकोल्याचा, उन्हाचं मला कोणी सांगू नये, पण पाच महिन्यांत एवढी उलथापालथ म्हणजे अतीच झालं. समुद्र लांब आणि उत्तरेला थेट आर्क्टिकपर्यंत आडवा डोंगर नाही, त्यामुळे तिकडची हवा निघाली की सरळ आपल्या अंगणात.

तर गाडी. सप्टेंबरातच बॅटरी टेस्ट करून घ्या, जुनी असेल तर बदला, उणे २५ ला ती दगा देतेच. ब्लॉक हीटर नसेल तर बसवा, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा हीटर, ज्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबते. पहिल्यांदा पार्किंगमधे सगळ्या गाड्यांना प्लग लटकलेले बघून मला वाटलं, वा, या खेड्यात सगळ्या इलेक्ट्रिक! काच धुवायचं उन्हाळी पाणी काढून टाका, थंडीवालं भरा, नाहीतर हायवेवर फवारा मारलात की काचेवर तिथल्या तिथे बर्फ. डिझेल गाडी असेल तर पंपावर हिवाळी डिझेलच मागा, साधं घट्ट होऊन फिल्टरमधे अडकतं. आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, इथे पुढचा पंप तीस मैलांवर असू शकतो आणि तो बंदही असू शकतो.

डिकीत फावडं, दोन जाड ब्लँकेट, जम्पर केबल, टॉर्च, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी, डब्यात मेणबत्ती नि काडेपेटी, भडक रंगाचं एखादं फडकं, आणि खायला शेंगदाणे-गूळ किंवा खजूर. पाण्याच्या बाटल्या आतच ठेवा, पूर्ण भरू नका, फुटतात. माझे कोल्ड्रिंकचे सहा कॅन एका रात्रीत फुटून मागच्या सीटवर गुलाबी बर्फ झाला होता, एप्रिलपर्यंत वास येत होता.

आता मुख्य गोष्ट, वारा. आमच्याकडे बर्फ पडतो त्यापेक्षा उडतो जास्त. वर निळं आकाश, लख्ख ऊन, आणि रस्त्यावर कमरेएवढा पांढरा लोट आडवा पळतोय, स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. याला ग्राउंड ब्लिझर्ड म्हणतात, नवा बर्फ एक कणही पडलेला नसतो. ताशी ३५ मैल वारा आणि पाव मैलाच्या आत दिसणं बंद, असं तीन तास चाललं की ते ब्लिझर्ड. म्हणून खिडकीतून बघून निघायचं नाही, ५११ वर (राज्याची रस्त्यांची माहिती देणारी सेवा) रस्त्याची स्थिती आणि बिस्मार्कच्या वेदर ऑफिसचा अंदाज बघून निघायचं, आणि ‘नो ट्रॅव्हल अ‍ॅडव्हाइज्ड’ लिहिलंय तर गपगुमान घरी बसायचं, बॉस काही म्हणत नाही.

तरी अडकलात तर गाडी सोडायची नाही. तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवा, पण आधी उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा, वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो आणि कळतही नाही. इथे हेझल मायनरचं नाव अजून घेतात, बिस्मार्कच्या पलीकडे सेंटर गावाजवळ मार्च १९२० च्या वादळात घोड्याची स्लेज उलटली, पंधरा वर्षांची ही मुलगी धाकट्या दोन भावंडांवर पांघरूण घालून स्वतः वर पडून राहिली, ती दोघं वाचली, ती गेली. मार्च होता हे लक्षात घ्या. २०२२ ला तर एप्रिलच्या मध्यात मोठं ब्लिझर्ड आलं होतं, म्हणून फावडं डिकीतून मेशिवाय काढायचं नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. जीन्स विसरा, आत लोकर किंवा थर्मल, वरून वारा अडवणारं काहीतरी, बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन (अंगठा वेगळा, बाकी बोटं एकत्र) बरे कारण बोटं एकमेकांना ऊब देतात, आणि बूट अर्धा नंबर मोठे घ्या, घट्ट बुटात पाय आधी गारठतो. शून्य फॅरनहाइट आणि १५ मैल वारा असला की अंगाला उणे १९ लागतं, उघडी कातडी अर्ध्या तासात गेली.

घरात फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या भट्टीचा) फिल्टर बदला, प्रोपेन गॅसची टाकी उन्हाळ्यातच भरून घ्या, आणि वादळानंतर फर्नेसचे बाहेर निघणारे पाइप बर्फाने बुजलेत का ते बघा, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. कडाक्याच्या रात्री सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि नळाची बारीक धार चालू. गावाबाहेर विहिरीचं पाणी असेल तर लाइट गेली की पंपही गेला, दोन-तीन बादल्या भरून ठेवायची आपली सवय इथे कामाला येते. डिसेंबरात सव्वाआठनंतर उजाडतं आणि पाचच्या आत मावळतं, त्याचीही मनाने तयारी ठेवा, मला पहिल्या वर्षी ते थंडीपेक्षा जड गेलं.

बर्फ वितळला की चिखल. कच्चे रस्ते लापशीसारखे होतात, डबकी भरून रस्त्यावर येतात, बेसमेंटचा पंप मार्चआधी एकदा चालवून बघा. भाजी लावायची तर मेच्या शेवटी, त्याआधी गोठलेलं दहिवर खातं, मिरचीची रोपं मार्च-एप्रिलमधे खिडकीत करून ठेवा. मेथी झकास येते, कोथिंबीर जुलैत फुलावर जाते. जून-जुलैत साडेनऊनंतरही उजेड असतो, आणि संध्याकाळी गारा. गावातला धोक्याचा भोंगा शेतावर ऐकू येत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या, टोर्नेडो वॉर्निंग आली की बेसमेंटमधे उतरा, व्हिडिओ काढत उभे राहू नका.

तारखा लक्षात राहत नसतील तर आकाशाकडे बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सँडहिल क्रेनचे थवे ओरडत दक्षिणेकडे जातात, स्टीलमधे हायवेजवळ या पक्ष्याचा चाळीस फुटी पुतळाच आहे. ते दिसले आणि तुमच्या गाडीच्या नाकातून अजून वायर लोंबत नसेल, तर उशीर झालाय. आणि हो, सकाळी निघताना प्लग काढा, मी दोनदा एक्स्टेंशन कॉर्ड ओढत ऑफिसपर्यंत गेलोय.