बाळंतपणाची रजा संपत आलीय? पाळणाघर निवडताना या चुका टाळा

पाळणाघरात तान्ह्या बाळांच्या खोलीत काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आई-बाबा जागा बघायला येतात आणि फक्त जागाच बघून जातात. भिंतींवरची चित्रं, खेळणी, कॅमेरे, फी, ऑफिसपासूनचं अंतर, सगळं विचारून होतं. दिवसभर बाळाला कडेवर कोण घेणार, हे मात्र विचारायचं राहून जातं.

भल्या सकाळी बघून ठरवणं

सकाळी कुठलंही पाळणाघर चांगलंच दिसतं. मुलांची पोटं भरलेली असतात, खोली नुकतीच पुसलेली असते, ताई ताज्यातवान्या असतात. खरं काय ते कळायला हवं असेल तर संध्याकाळी, मुलांना घरी न्यायची वेळ जवळ आली की जा. तेव्हा दोघं-तिघं एकदम रडत असतात, कुणाला शी झालेली असते, सगळेच दमलेले असतात. अशा वेळी सांभाळणारी बाई काय करते ते नीट बघा. रडणाऱ्या मुलाजवळ खाली बसते की लांबूनच गप्प करते? डायपर बदलताना बाळाशी बोलते का? बाटली स्वतः हातात धरून पाजते, की उशीला टेकवून बाळाच्या तोंडात दिलेली असते? ही शेवटची गोष्ट दिसली तर पुढे काही विचारू नका, तिथून निघा. आडव्या बाळाला ठसका लागला तर जवळ कुणी नसतं.

एका ताईकडे किती बाळं, हे तर विचाराच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतल्या 3 बाळांमागे एक मोठं माणूस हवं. इंग्लंडमध्ये 2 वर्षांखालच्या मुलांसाठी हेच प्रमाण नियमात आहे. पण कागदावरच्या आकड्यावर थांबू नका. ताई जेवायला गेल्यावर खोलीत कोण असतं, आणि गेल्या वर्षभरात किती ताई काम सोडून गेल्या, हेही विचारा. या दोन प्रश्नांवर संचालिका अडखळली, तर मी माझं बाळ तिथे ठेवणार नाही.

ऑफिसचा आणि पाळणाघराचा पहिला दिवस एकच ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिची किंमत बाळ मोजतं.

एक आई आठ महिन्यांच्या बाळाला सोमवारी सकाळी आमच्याकडे देऊन तशीच कामावर गेली. आधीचे काही दिवस थोडा थोडा वेळ येऊन बसा, असं तिला सांगितलं होतं, पण रजेचे शेवटचे दिवस त्यात घालवायचे नव्हते. बाळ तोवर फक्त अंगावर पीत होतं. पिशवीतल्या बाटलीवरचं स्टिकरसुद्धा निघालेलं नव्हतं. बाळानं बाटली जिभेनं बाहेर ढकलली, भरवलेला घास थुंकला, रडून रडून डुलकी लागायची आणि दचकून पुन्हा रडणं सुरू. वाटी-चमच्यानं आम्ही जेमतेम ओठ ओले करत होतो. दुपारी आई काम टाकून धावत आली तेव्हा तिचा कुर्ता दुधानं भिजला होता. दारातच खाली बसून तिनं बाळाला पाजलं. पुढे तिला रजा वाढवून घ्यावी लागली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, तेही आता पाळणाघराचं दार बघताच रडणाऱ्या बाळाला घेऊन.

आठ महिन्यांच्या आसपास बाळाला कळायला लागतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे, म्हणजेच ती आपल्याला सोडून गेली आहे. अनोळखी चेहऱ्यांची भीतीही याच सुमाराला येते. आईपासून दुरावण्याची भीती साधारण 10 ते 18 महिन्यांत सगळ्यात जास्त असते. तुमची रजा या काळात संपत असेल तर रुळायला जास्त दिवस धरा.

मी काय करते ते सांगते. पहिल्या दिवशी आई खोलीत असते आणि मी नुसती जमिनीवर बसते. बाळाला उचलायला जात नाही, ते आपणहून खेळणं घेऊन आलं की बोलायला लागते. मग एखादं खाणं मी भरवते, आई शेजारी. मग आई अर्धा तास बाहेर. त्यानंतर आईशिवाय एक झोप. अनोळखी जागी बाळ शांत झोपलं की निम्मं काम झालं. याला दोन आठवडे द्या. “तीन दिवसांत उरकू या” म्हणणाऱ्या पालकांना मी सरळ नाही म्हणते. बाटलीची किंवा कपाची सवय रजा संपायच्या महिनाभर आधी लावायला घ्या, आणि ती आईनं न देता घरातल्या दुसऱ्या कुणी द्यावी. आई समोर असताना बाळ बाटली कशाला घेईल?

डोळा चुकवून सटकणं

बाळ खेळण्यात रमलं की गुपचूप निघून जायचा सल्ला सगळेच देतात. ऐकू नका. एकदा असं झालं की बाळ खेळायचंच सोडतं आणि सतत दाराकडे बघत राहतं. मुका घ्या, “येते हं” म्हणा आणि जा. निरोप छोटाच ठेवा. दारातून तीनदा परत येऊन जवळ घेतलं तर रडणं वाढतंच.

झोपेबद्दल न बोलणं

तुम्ही घरी उताणं झोपवता, म्हणून तिथेही तसंच झोपवतील असं गृहीत धरू नका. उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला कुणी पालथं झोपवलं, तर झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. वर्षाच्या आतल्या बाळाला टणक, सपाट गादीवर उताणं झोपवायचं. उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी जवळ नकोत. हे लिहून द्या आणि झोपेच्या वेळी एकदा स्वतः जाऊन बघा.

ताप उतरवायचं औषध पाजून सोडणं

मीटिंग महत्त्वाची असते, हे मला समजतं. पण चार-पाच तासांनी औषधाचा असर ओसरतो, बाळ तापानं फणफणतं आणि तोवर शेजारच्या बाळांनाही लागण झालेली असते. शिवाय आधीचा डोस कधी दिला हे आम्हाला माहीत नसतं. पहिल्या दोन वर्षांत आठ-दहा वेळा सर्दी होणं सामान्य आहे, आणि पाळणाघरात सुरुवातीला ती जास्तच होते. त्या दिवसांत घरी कोण थांबणार, हे दोघांनी कामावर रुजू होण्याआधी ठरवा. हे आईनंच करायचं असं कुठेही लिहिलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला 4 तास आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं; बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ घाला. बाळाच्या तोंडची उरलेली बाटली 2 तासांनंतर फेकून द्या. घरी येऊन सांभाळणारी बाई ठेवत असाल तर तिच्या आधीच्या घरी स्वतः फोन करा, चिठ्ठीवर विसंबू नका. आजी-आजोबा सांभाळणार असतील तर त्यांना दिवसभर झेपेल का, हे मोकळेपणानं विचारा. मायेपोटी ते नाही म्हणत नाहीत. कॅमेरा दिवसभर बघत बसू नका, दुपारी एक फोन करा. बाळाला घरी न्यायला कोण कोण येऊ शकतं याची यादी फोटोंसह द्या, आणि त्यात नसलेलं माणूस आलं तर, अगदी सख्खा मामा असला तरी, आम्ही बाळ देणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवा.