पन्नाशीनंतर पार्टटाइमला जाताय? आधी सर्व्हिस मोजा
पन्नाशी ओलांडली की नोकरीवरून मन उडतं, माझंही उडालं होतं. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते, वय 52, प्रमोशनचं नाव नाही, नवीन पोरांना कामं मी शिकवायची आणि इन्क्रिमेंट त्यांना. एक दिवस वैतागून राजीनामा दिला न् पीएफ, पेन्शनचे सगळे पैसे काढून मोकळी झाले.

इथंच चुकलं बाप्पा. माझी सर्व्हिस होती 9 वर्षं 2 महिने. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना, तिच्या पेन्शनला 10 वर्षं लागतात, पण साडेनऊ भरली तरी ती दहाच धरतात, म्हणजे मी फक्त चार महिन्यांनी हुकले! आणि नोकरी सोडली म्हणून झालेली वर्षं बुडत नाहीत हो, फॉर्म 10सी भरताना पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सर्व्हिसचा दाखला) मागायचं, मग पुढच्या पीएफवाल्या नोकरीतले महिने त्यातच जोडले जातात. पैसे उचलले की मोजणी परत शून्यापासून, आणि 58 नंतर पेन्शन खात्यात भरणाच बंद होतो. 52 ला शून्यावर आलेल्या बाईनं दहा वर्षं कुठून आणायची? सर्टिफिकेट असतं तर चार महिने कुठंही पीएफवालं काम करून भागलं असतं, अगदी पार्टटाइमसुद्धा, कारण पीएफ लागू असलेल्या ठिकाणी पार्टटाइमवाल्यांनाही तो मिळतो. हे मला कोणीच सांगितलं नाही.

घाबरू नका पण, काम मिळतं. मी आता इतवारीत एका व्यापाऱ्याकडे 11 ते 3 जाते, सुभाष नगरहून मेट्रोनं अग्रसेन चौक. 14 तारखेला 2बी (सप्लायरांनी जीएसटीत चढवलेल्या बिलांची यादी) आलं की खरेदीची बिलं त्याच्याशी ताडून बघायची, 20 तारखेच्या आत 3बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं. मागच्या महिन्यात एका सप्लायरचं बिल 2बी मधे दिसेना, तीनदा फोन करून त्याला ते चढवायला लावलं तेव्हा असं बरं वाटलं की काय सांगू, फुलटाइमच्या नऊ वर्षांत तसं कधी वाटलं नव्हतं.

मोटिव्हेशनच्या शिबिरांवर पैसे घालू नका, माझं स्पष्ट मत आहे. मला 2बी दुकानातल्या 26 वर्षांच्या पोरानं शिकवलं, त्याला विचारायला पहिले आठ दिवस लाज वाटली, ते आठ दिवस फुकट गेले.

आणि राजीनाम्याचं मनात असेल तर आज रात्रीच यूएएन (आपला पीएफचा नंबर) टाकून सर्व्हिस हिस्टरी उघडा, रुजू झाल्याची तारीख बघा, महिने बोटांवर मोजा.